मोसंबीची साल, सोन्याचे कण आणि एक साधा प्रश्न



मागच्या दिवाळीत गावी गेले होते, अंबड तालुक्यात. आंबे बहाराची तोड चालू होती. अण्णा बांधावर बसून मोसंबी निवडत होते. मी काय शिकते हे त्यांना मोघम माहीत आहे: सोनं पाण्यात विरघळवते, त्यावर लेझर मारते आणि कशात काय मिसळलंय ते ओळखते. त्यांनी एक मोसंबी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तुमच्या त्या सोन्याच्या पाण्यानं हिच्यावर औषध राहिलंय का नाही, ते कळतं का गं?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. कारण माझ्या पीएचडीच्या प्रस्तावातलं पहिलंच वाक्य जवळजवळ हेच सांगतं. मी वाचलेल्या शंभरेक पेपरांची शेवटची ओळही तेच सांगते: ही पद्धत फळांवरील कीटकनाशकांच्या जलद तपासणीसाठी उपयुक्त ठरेल. पण ती मोसंबी हातात असताना 'हो' म्हणता आलं नाही. "बघावं लागेल अण्णा," एवढंच म्हणाले.

आजचा लेख त्या 'बघावं लागेल'बद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेटची तयारी करताय, काही जण पेटनंतर विषय शोधताय, आणि नॅनोकण हा विषय कुणी ना कुणी तुम्हाला सुचवणारच. म्हणून सोन्याच्या नॅनोकणांनी रामन संकेत वाढवण्याचं हे जे शास्त्र आहे, ज्याला सगळे 'सर्स' म्हणतात, त्यातले दावे कसे वाचायचे ते आज बघू. मी या विषयाची विरोधक नाही, माझं पोट त्यावरच आहे. पण आपल्याच विषयाची समीक्षा आपण नाही केली तर कोण करणार?

आधी दोन मिनिटं मूळ गोष्ट

२८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी जो परिणाम नोंदवला, तो आपल्याला राष्ट्रीय विज्ञान दिनामुळे पाठ असतो. रेणूवर एका रंगाचा प्रकाश टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत विखुरतो, पण अगदी थोडा प्रकाश रंग बदलून येतो. हा बदल रेणूच्या कंपनांमुळे होतो, म्हणून तो रेणूचा अंगठ्याचा ठसाच असतो. अडचण एकच: हा प्रकाश फार क्षीण असतो. ढोबळमानाने एक कोटी फोटॉनमागे एखादा. पातळ द्रावणातला रेणू साध्या रामनने शोधणं म्हणजे जत्रेत कुजबुज ऐकणं.

सोनं इथे कामाला येतं. सोन्याच्या नॅनोकणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात आणि कणाच्या अगदी लगतचं विद्युत क्षेत्र कित्येक पट वाढवतात. रेणू त्या जागी असेल तर त्याच्यावर पडणारा प्रकाशही वाढतो आणि त्याच्याकडून निघणाराही. त्यामुळे रामन संकेत साधारणपणे क्षेत्राच्या चौथ्या घातात वाढतो. क्षेत्र १० पट झालं तर संकेत १०,००० पट, आणि क्षेत्र १०० पट झालं तर १० कोटी पट. दोन कण एक-दोन नॅनोमीटर अंतरावर आले की त्यांच्या फटीत ही वाढ सगळ्यात जास्त होते. त्या फटींना 'हॉटस्पॉट' म्हणतात.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, हे सगळं कणापासून काही नॅनोमीटरच्या आतच होतं, त्यामुळे रेणूला सोन्याजवळ यावंच लागतं. दोन, बहुतेक संकेत मोजक्या फटींमधून येतो, त्यामुळे त्या फटी किती आणि कशा तयार झाल्या यावर सगळं अवलंबून असतं.

बरोबर नोंद, चुकीचं कारण

या विषयाचा जन्मच समीक्षेतून झाला आहे. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला आणि त्यावर बसलेल्या पिरिडीनचा ठळक रामन वर्णपट मिळवला. त्यांचा विचार सरळ होता: खडबडीत केल्याने पृष्ठभाग वाढतो, जास्त रेणू बसतात, म्हणून संकेत जास्त. नोंद अगदी बरोबर होती.

१९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी, जीनमेअर व व्हॅन डाईन यांनी आणि आल्ब्रेख्ट व क्रायटन यांनी, कागदावर हिशेब मांडला. पृष्ठभागावर रेणू किती बसू शकतात? तेवढ्या रेणूंकडून संकेत किती यायला हवा? प्रत्यक्षात तो त्याच्या लाख ते दहा लाख पट येत होता. पृष्ठभाग तेवढ्या पटीत वाढणं शक्यच नव्हतं. म्हणजे काहीतरी वेगळं घडत होतं. त्यानंतर प्लाझ्मॉनचं स्पष्टीकरण आलं आणि विषय उभा राहिला.

यातून आपण काय घ्यायचं? व्हॅन डाईन यांच्याकडे त्या प्रश्नासाठी जगावेगळं यंत्र लागलं नाही, 'रेणू किती आहेत?' हा प्रश्न लागला. तोच साधा प्रश्न घेऊन आता पुढचे पेपर वाचू.

१० चा १४ वा घात

१९९७ मध्ये नी आणि एमरी यांनी ऱ्होडामिन ६जी वर, आणि कनाइप यांच्या गटाने क्रिस्टल व्हायोलेटवर, एकेका रेणूचा सर्स संकेत मिळाल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे कण चांदीचे होते. वाढीचा आकडा सांगितला गेला तो १० चा १४ वा घात, आणि त्याहून थोडा जास्तही. हा आकडा इतका गाजला की आजही कित्येक प्रबंधांच्या प्रस्तावनेत तो जसाच्या तसा येतो. माझ्याही आला होता.

आता बघा, दोन्ही रेणू रंगद्रव्यं आहेत. रंगद्रव्य लेझरचा प्रकाश स्वतःच शोषतं, आणि लेझर त्या शोषणाच्या जवळ असेल तर त्याचा रामन संकेत सोन्या-चांदीशिवायच कित्येक पट मोठा असतो. मग वाढ मोजताना तुलना कशाशी करायची? त्याच रंगद्रव्याच्या साध्या रामनशी केली तर एक आकडा येतो. कुठल्यातरी बिनरंगी लहान रेणूशी केली तर दुसराच, कितीतरी मोठा. २००७ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधून ल रू, एचेगॉइन आणि सहकाऱ्यांनी वाढीच्या आकड्यांचा सविस्तर हिशेब प्रसिद्ध केला. एक रेणू दिसायला १० चा ८ वा घात इतकी वाढही पुरू शकते, आणि उत्तम जागीसुद्धा कमाल वाढ १० च्या १० व्या-११ व्या घाताच्या आसपास असते, असं त्यातून पुढे आलं. एकेक रेणू दिसतो हा निष्कर्ष टिकला, पण १४ वा घात नाही टिकला.

तरी तो आकडा जात नाही. याचं कारण शास्त्रीय कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. मोठा आकडा सारांशात शोभतो, परीक्षकाला लक्षात राहतो, आणि खोडून काढायला दोन पानं हिशेब करावा लागतो.

पिकोमोलरचा हिशेब

हा हिशेब तुम्ही आज स्वतः करून बघा, वही-पेन पुरेसं आहे.

समजा पेपर म्हणतो: आम्ही १ पिकोमोलर द्रावणाचा १० मायक्रोलिटर थेंब सोन्याच्या थरावर वाळवला आणि प्रत्येक ठिकाणी छान वर्णपट मिळाला. त्या थेंबात रेणू किती? अव्होगाड्रो संख्येने गुणलं की उत्तर येतं सुमारे ६० लाख. वाळलेल्या थेंबाचा डाग ५ मिलिमीटर व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २ कोटी चौरस मायक्रोमीटर. लेझरचा ठिपका साधारण १ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे रेणू सारखे पसरले असतील तर एका ठिपक्याखाली सरासरी ०.३ रेणू. चार ठिकाणी लेझर मारला तर साधारण तीन ठिकाणी रेणूच नसणार.

मग प्रत्येक ठिकाणी वर्णपट कसा मिळाला? शक्यता तीनच. थेंब वाळताना रेणू कडेला गोळा झाले, चहाच्या डागाच्या कडेसारखे, आणि मोजणी तिथेच केली. किंवा आधीच्या तीव्र द्रावणाचा अंश काचेला, पिपेटला राहून गेला. किंवा दिसतंय ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे. पेपरात यांपैकी कशाचा विचार केलेला असेल तर तो पेपर नीट वाचा. नसेल तर पुढच्या आलेखाकडे जाण्यापूर्वी थांबा.

संत्र्यावरचा आलेख

आता मोसंबीच्या जवळ येऊ. २०१० मध्ये 'नेचर'मध्ये चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या त्यान चुंगछुन यांच्या गटाचा पेपर आला. त्यांनी सुमारे ५५ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणावर सिलिकाचं काही नॅनोमीटर जाडीचं कवच चढवलं. कवचामुळे सोनं नमुन्याला थेट शिवत नाही, कण एकमेकांना चिकटत नाहीत, पण क्षेत्र कवचातून बाहेर पोचतं. असे कण पृष्ठभागावर भुकटीसारखे पसरायचे आणि लेझर मारायचा. पेपरचा मुख्य भाग धातूच्या स्फटिकांवरच्या रेणूंचा आहे, आणि तो फार देखणा आहे. शेवटाकडे एका संत्र्याच्या सालीवर पॅराथिऑन हे कीटकनाशक दाखवलेलं आहे.

मी हा पेपर दरवर्षी एकदा वाचते. कल्पना म्हणून तो पहिल्या प्रतीचा आहे. पण संत्र्याच्या त्या आलेखाचं नंतर जे झालं, त्यावर माझा आक्षेप आहे. तो आलेख शक्यता दाखवण्यासाठी होता: सालीसारख्या ओबडधोबड जागेवरही हे कण काम करतात, एवढंच. पॅराथिऑनमध्ये बेंझिनचं वलय आहे, नायट्रो गट आहे. रामनमध्ये असे रेणू मोठ्याने बोलतात. अशा रेणूचं एका फळावरचं प्रात्यक्षिक म्हणजे 'फळांवरील कीटकनाशकांची तपासणी' नव्हे. मूळ लेखकांनी दार उघडलं, आणि मागून आलेल्या आमच्यासारख्यांनी घर बांधून झाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतरच्या पेपरांचा साचा तुम्ही दहा वाचलेत की ओळखाल. बाजारातून फळ आणा, धुवा, त्यावर ठरावीक तीव्रतेच्या औषधाचा थेंब टाका, वाळू द्या, सोन्याचे कण टाका, वर्णपट घ्या. औषध बहुतेक वेळा थायरम.

थायरमच का? आम्हा जालनेकरांना थायरम नवीन नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव आहे, आणि थायरम हे बीजप्रक्रियेचं बुरशीनाशक. पाकिटातलं रंगीत बी खाऊ नये असं का लिहितात, ते इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण पेपरांमध्ये थायरम येतं ते शेतीमुळे नाही, रसायनामुळे. त्याच्या रेणूत गंधक आहे, मधला गंधक-गंधक बंध सोन्यावर तुटतो आणि रेणूचे तुकडे सोन्याला घट्ट धरून बसतात. १३८० च्या आसपास एक जोरदार शिखर मिळतं. सोप्या गणिताने परीक्षा पास होण्यासारखं आहे हे.

उलट उदाहरण बघा. २०१० मध्येच महाराष्ट्रातली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे. बागायतदारांना तो फटका अजून आठवतो. त्या रेणूत गंधक नाही, वलय नाही. सोन्याने त्याला जवळ का करावं? सोन्याला जे रेणू आवडतात तेच आपण शोधत बसलो आणि बाजाराला जे रेणू नडतात ते सोडून दिले, तर ती तपासणी कुणासाठी?

शर्यत चुकीच्या मैदानात

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तोही आकड्यांनीच मांडते.

युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसते, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही कडक मर्यादा लावतात. आपली मोसंबी २०० ग्रॅमची आणि ७ सेंटिमीटर व्यासाची धरा. मर्यादेइतकं औषध म्हणजे त्या फळावर २ मायक्रोग्रॅम. फळाचं पृष्ठफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर. सगळं औषध सालीवरच आहे असं मानलं तर चौरस सेंटिमीटरला १३ नॅनोग्रॅम.

आणि थायरमच्या १ मायक्रोमोलर द्रावणाचा १० मायक्रोलिटर थेंब ५ मिलिमीटरच्या डागात वाळवला तर? थेंबात २.४ नॅनोग्रॅम थायरम, डाग ०.२ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १२ नॅनोग्रॅम.

बघितलंत? कडक मर्यादेसाठी मायक्रोमोलर पुरतं. आणि मायक्रोमोलर थायरम साध्या सोन्याच्या कलिलानेही दिसतं. त्याच्या खाली नॅनोमोलर, पिकोमोलर, फेम्टोमोलर अशी जी शर्यत पेपरांमध्ये चालली आहे, ती गरजेच्या हजार, दहा लाख पट खाली जाऊन चालली आहे. संवेदनशीलता ही अडचण राहिलेलीच नाही.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. औषध सालीच्या मेणात आणि आत मुरलेलं असतं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध तर झाडातून फिरतं. ते बाहेर काढून सोन्यापर्यंत आणायचं कसं? सालीचं तेल, रंगद्रव्यं, धूळ हे सगळे सोन्यावरच्या त्याच जागांसाठी भांडतात. प्रयोगशाळेत धुतलेल्या फळावर टाकलेला थेंब आणि शेतात तीन आठवड्यांपूर्वी फवारलेलं, उन्हात-दवात राहिलेलं औषध, या एक गोष्टी नाहीत. आणि आज आलेलं उत्तर उद्या, दुसऱ्या बाटलीतल्या कणांनी, दुसऱ्या माणसाने मोजलं तर तेच येईल का? या प्रश्नांवरचे पेपर कमी का? कारण त्यांची उत्तरं सारांशात चमकत नाहीत.

माझं पोस्टर

दुसऱ्यांना बोलले, आता स्वतःबद्दल.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे नॅनोकण बनवले, आणि ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं. आपल्याकडे पाल्याच्या अर्कातून नॅनोकण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेपरात त्याचा उल्लेख सापडतो. पण तो पेपर उघडून वाचा. 'आम्ही पाल्यापासून कण केले' एवढ्यावर तो थांबत नाही. त्रिकोणच का होतात याचा मागोवा आहे: झटपट क्षपण, मग द्रवासारख्या वागणाऱ्या गोल कणांचं एकत्र येणं आणि खोलीच्या तापमानालाच एकजीव होणं. त्या आकारामुळे अवरक्त भागात शोषण कसं वाढतं तेही आहे. आपण त्यातला पाला उचलला आणि 'का' तिथेच ठेवला.

मीही तेच केलं. पहिल्या वर्षी कडुनिंबाच्या अर्कातून सोन्याचे कण केले. द्रावण वाइनसारखं लाल झालं, ५३० च्या आसपास शोषणाचं शिखर आलं, मी खूश. त्यात थायरम टाकलं आणि १३८० जवळ शिखर मिळालं. तीव्रता कमी करत गेले, शिखर जाईचना. मला वाटलं, काय संवेदनशीलता आहे! पोस्टर केलं, एका परिषदेत त्याला बक्षीसही मिळालं.

चार महिन्यांनी एका ज्युनिअर मुलीला पद्धत शिकवताना मी तिला म्हटलं, आधी कोरा नमुना घे, फक्त कण, औषध नाही. तिने घेतला. शिखर तिथेही होतं. तेवढंच उंच.

पाल्याच्या अर्कात शेकडो रेणू असतात. सोन्याचे कण त्यांनीच तयार केलेले आणि त्यांनीच वेढलेले. सोन्याच्या सगळ्यात जवळ कोण? तेच. मी चार महिने कडुनिंबाचा वर्णपट थायरम म्हणून दाखवत होते. कमी तीव्रतेला शिखर न जाण्याचं कारण ते थायरमचं नव्हतंच, हे होतं.

सरांना सांगायला दोन दिवस लावले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी हे वहीत तारखेसह लिही. मग प्रस्तावातला तो आलेख काढ." आलेख काढला. पोस्टरचा सारांश मात्र त्या परिषदेच्या पुस्तिकेत छापलेला आहे आणि राहणार. उद्या कुणी तो संदर्भ म्हणून दिला तर मी काय करू? निदान इथे तरी लिहून ठेवते: तो निष्कर्ष चुकीचा होता.

मग वाचायचं कसं?

पेपर हातात आला की मी आता हे पाच प्रश्न मार्जिनमध्ये लिहिते.

१. कोरा नमुना कुठे आहे? फक्त कण, आणि कण अधिक औषध नसलेली साल, असे दोन्ही वर्णपट त्याच आलेखात, त्याच मोजपट्टीवर हवेत.

२. रेणू कोणता, आणि का निवडला? ऱ्होडामिन, क्रिस्टल व्हायोलेट, थायरम असेल तर ते कणांची परीक्षा म्हणून ठीक. त्यावरून बाकी औषधांचं काही सिद्ध होत नाही.

३. लेझर कोणता? सोनं ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात स्वतःच बराच प्रकाश गिळतं. सोन्यासाठी सहसा ६३३ किंवा ७८५ वापरतात. सोनं, ५३२ आणि ऱ्होडामिन असं त्रिकूट दिसलं तर श्रेय सोन्याचं किती आणि रंगद्रव्याचं किती, हे विचारा.

४. वाढीचा आकडा काढताना पृष्ठभागावरचे रेणू किती धरले? हा आकडा भागाकारात खाली असतो. सगळ्याऐवजी शंभरातला एकच रेणू सोन्यावर बसला असं मानलं की वाढ आपोआप १०० पट होते, प्रयोग न बदलता.

५. किती बॅच, किती दिवस, किती माणसं? एकाच काचेवरच्या वीस ठिपक्यांची सरासरी म्हणजे पुनरावृत्ती नव्हे.

पाचवा प्रश्न किती अवघड आहे ते २०२० मध्ये 'अॅनालिटिकल केमिस्ट्री'त आलेल्या युरोपीय अभ्यासातून कळतं. १५ प्रयोगशाळा, ४४ संशोधक, एकच रेणू, ॲडेनिन, आणि लेखी ठरवून दिलेल्या सहा पद्धती. काम एकच: ॲडेनिन किती आहे ते सांगा. सगळ्या पद्धती सारख्या विश्वासार्ह ठरल्या नाहीत, आणि प्रयोगशाळेगणिक फरक राहिला. अनुभवी लोकांची, स्वच्छ द्रावणातली ही गत. मला हा पेपर विषयाची नाचक्की वाटत नाही. आपलं माप किती डळमळतं हे एवढ्या जणांनी एकत्र येऊन मोजलं, ही मला या विषयातली मोठी घटना वाटते.

तरीही हा विषय का करायचा?

कुणी म्हणेल, मग सोडून दे ना. नाही सोडणार, आणि कारण भावनिक नाही.

आज औषधाचा अंश मोजायचा तर नमुना दळून, त्यातून औषध काढून, वस्तुमान वर्णपटमापकाला द्यावा लागतो. ती पद्धत पक्की आहे, न्यायालयात टिकते, आणि द्राक्षाच्या निर्यातीसाठी आपल्याकडे तशी साखळी उभीही आहे. पण अंबडच्या शेतकऱ्यासाठी ती दूर आहे आणि महाग आहे. शेतात किंवा मोंढ्यात पटकन 'संशय आहे, पुढे पाठवा' किंवा 'या तीन औषधांपुरता संशय नाही' एवढं सांगणारी चाळणी हवी आहे. हातात मावणारे रामन यंत्र मिळतात, सोन्याचं कलिल आम्ही एमएससीच्या प्रयोगशाळेत करतो. हे जमण्यासारखं आहे.

आणि कधी कधी 'किती' पेक्षा 'कोणतं' हा प्रश्न जिवाचा असतो. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली होती. टाकीत नेमकं काय होतं हे लवकर कळणं अशा वेळी मोलाचं असतं, आणि टाकीतलं औषध काही पिकोमोलर नसतं. सर्सचा, किंवा नुसत्या रामनचाही, खरा उपयोग अशा ठिकाणी असू शकतो. तिथे विक्रमी संवेदनशीलता नको, भरवसा हवा.

म्हणून माझा प्रबंध आता थोडा बदललाय. नवा आकार, नवा पाला, नवा विक्रम हे काढून टाकलं. साधे सायट्रेटने केलेले गोल सोन्याचे कण, तीनच औषधं, त्यातलं एक मुद्दाम सोन्याला न आवडणारं, आणि आपल्याच बागेतली, फवारणीची तारीख माहीत असलेली मोसंबी. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग पक्क्या पद्धतीने तपासायला पाठवायचा आणि आमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. चुकलं तर किती वेळा चुकलं, तेही छापायचं. पेपर कदाचित लहान मासिकात येईल. हरकत नाही.

परवा अण्णांना फोनवर सांगितलं: "एका औषधाचं कदाचित सांगता येईल, दुसऱ्याचं नक्की नाही, तिसऱ्याचं अजून बघतेय."

ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं? मृगाची फळं राखून ठेवतो तुझ्यासाठी. कोणत्या झाडावर कधी फवारलं ते लिहून ठेवू ना?"

हो, तेच लिहून ठेवा म्हटलं. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.

तुम्हीही या आठवड्यात तुमच्या विषयातला एक गाजलेला पेपर घ्या आणि त्यातल्या एकाच आकड्याचा हिशेब स्वतः करून बघा. जुळला तर आनंद आहेच. नाही जुळला, तर तुम्हाला कदाचित विषय सापडला.